आभारवाले आप्पा

आमचे घरमालक शिवलिंगप्पा एकदा सकाळी दारात उभे राहून दूधवाल्याचे आभार मानत होते, तेवढ्यात आत स्टोव्हवरचं दूध उतू जाऊन स्टोव्ह विझला. तरी आभार संपले नव्हते. आधी त्यांनी दूधवाल्याचे मानले, मग त्याच्या म्हशीचे. "असल्या वाळल्या सालात तिनं आटायचं मनावर घेतलं न्हाई, हे तिचे उपकार हायत." मग म्हशीला कडबा देणाऱ्या त्याच्या मेव्हण्याचे. दूधवाला रिकामी किटली या हातातून त्या हातात घेत होता. शेवटी हात जोडून तो दोन पायऱ्या उतरला, तसे आप्पा मागून म्हणाले, "थांबा थांबा, एक राहिलंच!"

हे "एक राहिलंच" लातुरात बऱ्याच लोकांना माहीत होतं. आप्पा लांबून दिसले की काही जण रस्ता ओलांडत.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून आलो तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. माझं गाव रेणापूर तालुक्यात. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे शहरात कुणाशी कसं बोलावं याचीच धास्ती होती. खोली बघायला गेलो तर मालकच माझे आभार मानू लागले. आमच्या घरावर नजर पडली म्हणून, जिना चढायचा त्रास घेतला म्हणून. मला वाटलं, झालं, हे काही खोली देत नाहीत. आमच्याकडे नाही म्हणायचं असलं की माणूस असंच गोड बोलतो. मी पिशवी उचलून निघालो.

"ओ कॉलेज," आप्पा म्हणाले, "कुठं निघालाव? खोली पसंत न्हाई का?"

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'कॉलेज'च झालो. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण कॉलेज म्हणताना त्यांच्या आवाजात जरा अभिमान यायचा, म्हणून मीही कधी सुधारलं नाही.

आप्पांचं गोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा नेहरू शर्ट, आणि गल्ल्याशेजारी भांड्यांवर नाव घालायचं यंत्र. लग्नाकार्याला भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालून घेण्याची पद्धत आहे. लोक दोन शब्द सांगत, आप्पा स्वतःच्या मनाचे वीस घालत. एका मास्तरांनी बदली होऊन जाणाऱ्या मित्रासाठी साधा पेला घेतला. आप्पांनी त्यावर असं काही लिहिलं की अक्षरं पेल्याला तीन वेढे घालून बुडाखाली गेली. मास्तर म्हणाले, "अहो आप्पा, हा वाचायचा का यातून पाणी प्यायचं?" आप्पा म्हणाले, "आधी वाचायचा. मग पाणी गोड लागतं."

त्या वेळी लातूर नवीनच जिल्हा झाला होता. कचेऱ्या आल्या, साहेब आले. साहेब वाढले म्हणून सत्कार वाढले, आणि सत्कार वाढले म्हणून हारवाल्यांची दुकानं वाढली. त्याच सुमारास गावातल्या प्रतिष्ठित मंडळींनी 'गुरुवार सेवा क्लब' काढला. दर गुरुवारी संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये बैठक. पितळी घंटा वाजवून सुरुवात, मग क्लबचं गीत, मग मागच्या आठवड्याच्या सेवेचा अहवाल: डोळे तपासणी, रक्तदान, बसस्टँडवरची पाणपोई. सभासदांनी एकमेकांना 'सेवक' म्हणायचं असा नियम होता. सेवक डॉक्टर, सेवक वकील, सेवक सराफ. हॉलचा जो खरा सेवक होता त्याला मात्र सगळे "ए शिपाई" म्हणत.

क्लबात प्रत्येकाला काहीतरी पद होतं. वकीलसाहेब अध्यक्ष होते, सराफ खजिनदार. आप्पांना काय द्यावं असा प्रश्न पडला तेव्हा कुणीतरी थट्टेनं म्हणालं, "आभार द्या त्यांच्याकडं." आप्पांनी ते काम घेतलं ते घेतलंच.

आभारप्रदर्शन म्हणजे काय असतं हे सांगायला नको. आभाराला माणूस उभा राहिला की श्रोते चपला शोधू लागतात. पण आमच्या क्लबात पाहुण्यांना तसं करता येत नसे, कारण आप्पा पाहुण्यांचं नाव सगळ्यात शेवटी घेत. "मोठं माणूस शेवटी," हा त्यांचा नियम. आपलं नाव यायच्या आधी पाहुण्यांनी उठणं बरं दिसत नाही, आणि पाहुणे बसलेत तोवर अध्यक्षांनी उठणं बरं दिसत नाही. मग सगळेच बसून राहत. आप्पा सतरंजीवाल्यापासून सुरू करत, माइकवाला, चहावाला असं करत सावकाश वर चढत. आणि एकदाचं पाहुण्यांचं नाव झालं, लोक उठले, की आप्पा बोट वर करून म्हणत, "एक राहिलंच!"

एकदा क्लबच्या एका वृद्ध सभासदाची शोकसभा होती, आप्पांबरोबर मीही गेलो होतो. शोकसभेत आभार मानत नाहीत, हे आप्पांना तीन जणांनी बजावलं होतं. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. स्तब्धता संपली तसे आप्पा पुढे आले आणि म्हणाले, "ज्यांच्यामुळं आज आपुन इतकी मंडळी एकत्र आलो, त्या आपल्या दिवंगत मित्राचे..." वकीलसाहेबांनी घाईघाईनं घंटा वाजवली. मला हसू आवरेना, म्हणून मी बाहेर जाऊन नळापाशी तोंड धुतल्यासारखं केलं. नळाला पाणी नव्हतंच.

कारण दुष्काळ होता. दुसरं वर्ष. आमच्या गावची विहीर तळाला गेली होती, टँकर एक दिवस यायचा आणि चार दिवस नाही यायचा. माझी माय डोक्यावर घागर घेऊन शेजारच्या गावच्या शिवारात जायची, आणि तिथले लोक आता कुरकुर करू लागले होते. वडील नाहीत. मी सुट्टीला गेलो तेव्हा माय म्हणाली, "या महिन्यात काई झालं न्हाई तर लोह्याला मामाकडं जाऊ. घराला कुलूप लावू."

"आणि माझं कॉलेज?"

ती घागर घासत राहिली. मामाकडे राहायचं तर हाताला काम करावं लागणार, हे मलाही कळत होतं.

मी लातूरला परत आलो आणि दोन दिवस आप्पांना काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "कॉलेज, कामून गप गप हायस?" मी सांगितलं. क्लब दुष्काळात एका गावाला बोअर देणार आहे हे मला माहीत होतं, पण ते गाव हमरस्त्यावरचं आहे, तिथे फलक चांगला दिसतो, असं बोललं जात होतं. आप्पा म्हणाले, "गुरुवारी चल. तूच बोल."

मी गेलो, उभा राहिलो आणि 'आदरणीय अध्यक्ष' एवढं म्हणून माझं तोंड कोरडं पडलं. पुढचं सगळं पाठ केलेलं होतं, पण एक शब्द आठवेना. वकीलसाहेब समजुतीनं म्हणाले, "बरं बरं, अर्ज द्या. विचार करू." मी खाली बसलो.

मग नेहमीसारखे आप्पा आभाराला उठले. सतरंजी झाली, चहा झाला. आणि मग ते म्हणाले, "आपल्या क्लबनं बोअरसाठी ह्या कॉलेजच्या गावाची निवड केली, अन् त्या गावानं ती मोठ्या मनानं मान्य केली, त्याबद्दल मी अध्यक्षांचे अन् गावकऱ्यांचे मनापासून आभार मानतो."

वकीलसाहेब सराफांकडे बघू लागले, सराफ छताकडे. अशी निवड कुणीच केली नव्हती. पण पाहुण्यांनी टाळी वाजवली होती, त्या दिवशी एका पेपरचा माणूसही आला होता, आणि मानलेले आभार परत कसे घ्यायचे याचा नियम क्लबच्या घटनेत नव्हता.

बाहेर आल्यावर वकीलसाहेब आप्पांना म्हणाले, "आप्पा, हे काय केलंत?"

"चुकलं का जी? मला वाटलं ठरलं."

"कधी ठरलं?"

"आता ठरलं न्हाई का?"

बोअरच्या दिवशी गावात लग्नघरासारखी गडबड होती. पाणाड्यानं हातावर नारळ धरून जागा दाखवली होती, बांधाच्या पलीकडे. मशीन पहाटेच सुरू झालं. अलीकडे लिंबाच्या सावलीत मांडव, शाळेच्या खुर्च्या, क्लबचा फलक. जिल्ह्याचे एक मोठे साहेब पाहुणे म्हणून आले होते, पांढऱ्याशुभ्र सफारीत. वकीलसाहेबांनी मशीनच्या ड्रायव्हरला बाजूला घेऊन सांगितलं, "ठरलेल्या खोलीला पाणी लागलं नाही तरी साहेब बसलेत तोवर मशीन बंद करू नका. बंद मशीनपुढं सत्कार बरा दिसत नाही. साहेब गेले की तुम्ही मोकळे." ड्रायव्हर दक्षिणेकडचा होता, त्याला त्याच दिवशी पुढच्या गावी जायचं होतं. त्यानं मान डोलावली. आप्पा आणि मी तिथेच खुर्च्या मांडत होतो.

भाषणं सुरू झाली. मशीनचा आवाज इतका की अर्धे शब्द तिकडेच जात होते. नुसती करडी धूळ उडत होती. ती मांडवावर येऊन बसत होती, हारांवर, आमच्या डोक्यांवर. माय पुढे बायकांत बसली होती. तिचं भाषणाकडे लक्ष नव्हतं. ती बांधापलीकडच्या धुळीकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे.

साहेबांचं भाषण संपत आलं तेव्हा ड्रायव्हरचा माणूस आला आणि वकीलसाहेबांच्या कानात म्हणाला की ठरलेली खोली झाली, धूळ कोरडीच आहे. वकीलसाहेबांचं तोंड उतरलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याला मशीन चालूच ठेवायची खूण केली आणि आप्पांना म्हणाले, "आवरतं घ्या. साहेबांना जायचंय."

आप्पा उठले. एकदा धुळीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि माइक हातात घेतला.

त्या दिवशीचे आभार मी जन्मात विसरणार नाही. सतरंजी गावचीच होती, तरी ती ज्यांच्या घरून आली त्यांचे मानले. शाळेतून खुर्च्या आणणाऱ्या बैलगाडीचे, मग बैलांचे, दोघांचे वेगवेगळे. लिंबाचे, त्यानं सावली दिली म्हणून. ते लावणाऱ्याचे, तो कोण हे ठाऊक नसलं तरी. आम्हाला आणणाऱ्या एसटीचे, कंडक्टरचे, वाटेत पंक्चर काढणाऱ्याचे. मशीनच्या ड्रायव्हरचे आभार मानायला ते माइकची वायर ओढत बांधापर्यंत गेले, आणि मशीनवर चढलेल्या त्या माणसाला ओरडून कन्नडमध्ये विचारलं, आई आहे का? त्याला थोडं कळलं असावं. त्यानं मान हलवली. मग त्याच्या आईचेही.

साहेब पुढे वाकून बसले होते. मशीनच्या आवाजात आपलं नाव आलं की नाही हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते आप्पांच्या ओठांकडे बघत होते. आप्पांनी 'आ' केला की साहेब शर्टाची बाही नीट करून अर्धवट उठत, आणि आप्पा म्हणत, "आपल्या गावचे कोतवाल..." साहेब परत बसत. वकीलसाहेबांनी चिठ्ठी पाठवली. आप्पांनी ती वाचली आणि चिठ्ठी आणून देणाऱ्याचे आभार मानले.

मागच्या बाया हसायला लागल्या. "ह्यो बाबा कवा बसायचा?" कुणीतरी म्हणालं. माय हसली नाही. ती उठून उभी राहिली होती. आप्पा ढगांपर्यंत पोचले होते. "जे आले न्हाईत, त्यांचेबी. कारण ते येतील." त्यांचा घसा बसला होता, ओठांवर धूळ होती, आणि मला पहिल्यांदा शंका आली की आता यांच्याकडची माणसं संपत आली. ते थांबले. साहेब उठून उभे राहिले. आप्पांनी बोट वर केलं.

"एक राहिलंच..."

पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. बांधापलीकडून आधी ओली माती आली, गोळे गोळे. मग मशीनचा आवाजच बदलला, आणि गढूळ पाण्याचा लोट बांधावरून मांडवात आला. फलक भिजला, हार भिजले, साहेबांची सफारी छातीपर्यंत चिखलानं माखली. साहेब हात पसरून उभे राहिले आणि लहान पोरासारखे हसायला लागले. लोक पळत सुटले. कुणी घागरी आणायला, कुणी नुसतंच. ड्रायव्हर वरून ओरडत होता. माय पाण्यात उभी होती आणि पदर भिजू देत होती.

मांडवात आप्पा एकटे राहिले. हातात माइक तसाच. मी जवळ गेलो तर म्हणाले, "कॉलेज, साहेबांचे राहिले रे. मोठं माणूस राहून गेलं."

संध्याकाळच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. मी धीर करून विचारलं, "आप्पा, तुम्हाला पाणी लागणार हे कळलं होतं का?"

"मला काय कळतं बोअरातलं. मी भांडी विकणारा माणूस."

"मग तुम्ही एवढा वेळ..."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "हे बघ. मला एवढंच ठाव हाय, आभार संपले की लोकं घरला जातात. आमची घरधनीण होती तोवर मीबी चटकन संपवायचो. वाट बघायची ती. उशीर झाला की बडबडायची. आता संपवून जायचं कुठं? हालमधून निघालं की घर. घरात तू वर खोलीत वाचत बसतोस. तुला हाक मारायची तर तुझा अभ्यास." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "आज मातर तुझ्यासाठीच लांबवलं. रोजचं माझ्यासाठी असतंय."

मी नुसती त्यांच्या शर्टावरची धूळ झटकली. बोलायच्या वेळी माझं असंच होतं.

पुढच्या गुरुवारी माय लातूरला आली. गावच्या पाण्यानं भरलेली कळशी, तोंडाला फडकं बांधलेलं, एसटीत मांडीवर धरून. आप्पांचे आभार मानायला म्हणून आली होती, पण आमच्याकडे असं तोंडानं कुणी म्हणत नाही. ती दारात उभी राहिली, पदर सावरला आणि कळशी खाली ठेवली. आप्पाही गप्प. आभार मानायची सवय असलेल्या माणसाला आभार घ्यायची सवय नव्हती.

शेवटी माय आत बघून म्हणाली, "चूल कुठं हाय?"

"चूल न्हाई अक्का, स्टोव्ह हाय. पर मी खानावळीतून डबा..."

ती आत गेली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "अवो आप्पा! दुकानभर भांडी विकताव, अन् घरात एक ताट? एकच वाटी?"

"एकट्याला लागतंय किती, अक्का."

"आज तिघं हाव. रात्रीला भाकरी करते, गरम गरम खायची. वेळ लावू नगा."

त्या संध्याकाळी क्लबात गर्दी होती. गावचा अहवाल वाचला गेला, टाळ्या झाल्या. साहेबांचे राहिलेले आभार आप्पा आज पुरे करणार हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे सराफांनी घरी उशीर होईल म्हणून निरोप पाठवला होता, आणि डॉक्टर खुर्चीत नीट टेकून बसले होते. आप्पा उठले.

"गेल्या वेळी मोठे साहेब राहिले होते. त्यांचे आभार. पाण्याचेबी आभार. मी थांबतो."

आणि ते खरोखर थांबले. कुणी उठेना. लोकांना चपला शोधायला वेळच मिळाला नव्हता. वकीलसाहेबांनी काळजीनं विचारलं, "आप्पा, तब्येत बरी आहे ना?"

"बरी हाय जी. घरी भाकरी गार व्हायली."

ते दारापर्यंत गेले, आणि मग वळून, बोट वर करून म्हणाले, "एक राहिलंच!"

सगळा हॉल एकदम खुर्च्यांत मागे टेकला. कुणीतरी "आलं" असं पुटपुटलं. आप्पा लगबगीनं परत आले, स्वतःच्या खुर्चीखाली वाकले आणि वर्तमानपत्रात बांधलेला एक पुडा उचलला. दुकानातून आणलेली तीन नवी ताटं होती, तीन वाट्या. पुडा काखेत घेऊन ते निघाले. चालताना ताटं एकमेकांवर आपटून वाजत होती, आणि तो आवाज जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत आम्हाला हॉलमध्ये ऐकू येत होता.

मग मीही उठलो. माझं ताटही त्यांच्याकडेच होतं.